हुरडा कडक का लागतो, चीक का फाटतो : गावच्या फेरीचे प्रश्न

गावाकडे जाऊन आलेल्या किंवा जायच्या बेतात असलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रवासवर्णनं वगळली. पिशवीत, डब्यात आणि डिकीत काय बिघडलं तेवढंच ठेवलं आहे.

प्रश्न : जावयांचं शेत नगरकडच्या कर्जतला आहे (रायगडचं कर्जत नव्हे). गेल्या वर्षी जानेवारीअखेर हुरड्याला गेलो, तर दाणे कडक आणि तोंडभर तूस. मुलांनी दोन घास खाऊन सोडून दिलं. यंदा चौदा जण जाणार आहोत. तारीख कशी ठरवावी, किती कणसं लागतील, इथून काय न्यावं?
— सहकारनगर

उत्तर : तुम्ही तारीख सुट्टी बघून ठरवली, चूक तिथेच झाली. हुरड्याची तारीख पेरणीवरून निघते. रब्बीची ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात आणि पेरणीपासून नव्वद ते शंभर दिवसांत दाणा हुरड्यावर येतो. म्हणजे पंधरा सप्टेंबरच्या पेऱ्याचा हुरडा डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरमधल्या पेऱ्याचा जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. एका तुकड्यात ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. तेव्हा जावईबापूंना आज एकच प्रश्न विचारा : पेरा कोणत्या तारखेचा? जायच्या आदल्या दिवशी त्यांना दाणा नखाने दाबून बघायला सांगा. दुधासारखा रस उडाला तर चार दिवस थांबा. नख सहज रुतलं, दाणा हिरवट आणि आत मऊ खव्यासारखा लागला की निघा. नख रुतत नसेल तर ती ज्वारी झाली, तिची भाकरीच करायची.

तुसाचं कारण वेगळं. मालदांडी ही मुळात भाकरीची ज्वारी. तिचा हुरडा होतो, पण तूस दाण्याला धरून बसतं. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती यांसारखे गावठी वाण किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर हे वाण लावतात. त्यांचा दाणा गोड आणि नुसत्या चोळण्याने सुटणारा. यंदाच्या पेऱ्यात यांतलं काही नसेल, तर पुढच्या वर्षी बांधाकडेचे चार तास (ओळी) हुरड्याच्या वाणाचे टाका म्हणावं.

माणशी पाच कणसं धरा, म्हणजे सत्तर. पण सत्तर एकदम तोडू नका. तोडल्यावर दाण्यातली साखर हळूहळू पिठात बदलत जाते, त्यामुळे सकाळी तोडलेलं कणीस दुपारी कमी गोड लागतं. वीस-वीस तोडा, भाजा, खा, पुन्हा तोडा.

आगटीसाठी फूट-सव्वा फूट खोल खड्डा आणि वीस-पंचवीस वाळलेल्या गोवऱ्या. गोवऱ्या पेटवल्यावर अर्धा तास काही करायचं नाही. ज्वाळा बसून वर राखेचा थर आणि आत लालबुंद निखारा, असं झाल्यावरच कणसं त्या राखेत खोचायची आणि फिरवत राहायचं. तीन ते पाच मिनिटांत वास येतो. शहरातून गेलेली मंडळी घाईने ज्वाळेवर भाजतात. मग तूस जळतं, दाणा वरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. ओलसर गोवरी असेल तर धूर लागून सगळ्याच हुरड्याला कडवटपणा येतो. भाजलेलं कणीस गरम असतानाच चोळायला हवं, कारण गार झालं की तूस पुन्हा घट्ट बसतं. सवय नसलेल्या हातांनी जाड सुती कापडात धरून चोळावं, मग सुपात पाखडून द्यावं. भाजणारा एक, चोळणारे दोन आणि मुलांना आगटीपासून चार हात लांब ठेवणारा एक, ही वाटणी आधीच करा.

इथून न्यायचं ते असं : शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो, लसणाची किंवा जवसाची पाव किलो, गूळ अर्धा किलो, गोडीशेव, रेवड्या, लिंबं. दही-ताक तिथलंच घ्या. पुण्याची मिठाई नको, हुरड्यापुढे ती कुणी खात नाही. उरलेला भाजका हुरडा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, फ्रीझरमध्ये पिशवीत घट्ट बांधून दोन महिने. त्याचं थालीपीठ उत्तम होतं.

जाता जाता एक. मुलं हौसेनं शेतातले कोवळे फुटवे उपटून गोठ्यातल्या गाईपुढे टाकतात. कोवळ्या, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीच्या पानांत सायनाईडवर्गी विष तयार होतं आणि जनावर दगावू शकतं. यजमानांना विचारल्याशिवाय गोठ्यात काही टाकायचं नाही.

प्रश्न : मुळशीला मामांकडे म्हैस व्याली म्हणून त्यांनी आग्रहाने दोन लिटर चीक दिला. बाटलीतून आणला. घरी येईपर्यंत आंबूस वास, आणि गॅसवर ठेवताच फाटला. खरवस राहूनच गेला.
— कोथरूड

उत्तर : दोन चुका झाल्या आणि दोन्ही सर्रास होतात. पहिली म्हणजे कोमट चीक तसाच बाटलीत भरला. धारेचा चीक अंगाच्या उष्णतेइतका गरम असतो आणि तशाच अवस्थेत बंद गाडीत दोन तास राहिला तर आंबायला पुरतो. तो आधी गार पाण्याच्या घमेल्यात भांडं ठेवून निववायचा, मग रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात भरून भोवती बर्फ केलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. अरुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कधी नीट धुतला जात नाही आणि आंबण्याची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी चूक गॅसची. चीक उकळायचा नसतो. त्यातली प्रथिनं साध्या दुधाच्या कितीतरी पट असतात आणि ती उष्णतेने गोठतात, खरवस त्याचमुळे तर जमतो. थेट आचेवर भांड्याचा तळ आधी तापतो, गुठळ्या होतात आणि आपण म्हणतो फाटला. चीक फक्त वाफेवर शिजवायचा.

प्रमाण चिकाच्या दिवसावर ठरतं आणि ते विचारूनच घ्यावं. पहिल्या दिवसाच्या एक वाटी चिकाला दोन वाट्या साधं दूध, दुसऱ्या दिवसाच्या चिकाला एक वाटी, तिसऱ्या दिवसाच्या चिकाला अर्धी वाटी किंवा तीही नको. अशा चार वाट्या मिश्रणाला पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, थंड दुधातच विरघळवून आणि गाळून, कारण गुळात बारीक खडे आणि चिपाडाचे तुकडे असतात. वेलदोडा, जायफळ. कुकरमध्ये शिट्टी काढून वीस ते पंचवीस मिनिटं. वरती झाकण ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून खळगे पडतात.

सगळं मिश्रण लावण्याआधी दोन चमचे एका वाटीत घेऊन आठ मिनिटं वाफवून बघा. रबरासारखं झालं तर मिश्रणात दूध वाढवा, जमलंच नाही तर चीक वाढवा. ही दोन चमच्यांची परीक्षा टाळणाऱ्यांचाच खरवस बिघडतो.

आणि मामांनी दोन लिटर दिला तेव्हा वासराचं काय झालं, हेही विचारायला हरकत नाही. वासराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. त्याचं आतडं ती फक्त पहिल्या चोवीस तासांत शोषू शकतं, आणि तेही दर तासाला कमी कमी. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत वासराने पोटभर प्यायलेलं असेल, तर पुढचा चीक खुशाल घ्या.

प्रश्न : अंजीर आणि सीताफळ दोन्ही सासवडच्या नातेवाइकांकडून येतात. अंजीर पोचेपर्यंत आंबट होतात, सीताफळं फ्रीजमध्ये काळी पडतात.
— बिबवेवाडी

उत्तर : दोघांचा स्वभाव उलटा आहे. अंजीर झाडावरून उतरल्यावर गोडी वाढवत नाही, त्यामुळे ते पिकलेलंच तोडावं लागतं आणि पिकलेलं अंजीर एक-दोन दिवसांचं पाहुणं. एका थरात, खाली त्याचीच पानं घालून, उथळ टोपलीत किंवा अंड्यांच्या ट्रेमध्ये आणा. धुऊ नका. खालच्या डोळ्यातून रस पाझरायला लागला की आंबणं सुरू झालं समजा. ती फळं वेगळी काढून त्याच दिवशी थोडी साखर घालून आटवा. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ते मुंबईपर्यंत टिकेल असं नाही. देठाचा पांढरा चीक हाताला लागला तर खाज सुटते, तोडताना बाह्या खाली घ्या.

सीताफळ मात्र टणकच आणायचं. डोळे मोठे होऊन त्यांच्यामधल्या फटी पिवळट-पांढऱ्या दिसायला लागल्या की फळ तयार. दोन ते चार दिवस घरात पेपरवर सुटं ठेवा, दाबल्यावर मऊ लागलं की मग फ्रीज. टणक फळ थंडीत ठेवलं तर साल काळी पडते आणि आत कधीच नीट पिकत नाही. बिया वाटून केसांना लावायचा जुना उपाय करू नका, डोळ्यात गेलं तर इजा होते.

प्रश्न : देवगडजवळ आत्याकडून पाच डझनांची हापूसची पेटी डिकीत घालून कोल्हापूरमार्गे आणली. काही आंबे सुरकुतले, काही देठाकडे काळे, आणि दोन-तीन कापले तर आत पांढरट, स्पंजासारखे. फसवणूक म्हणावी का?
— कर्वेनगर

उत्तर : आत्यांवर संशय नको. तीन तक्रारी, तीन कारणं.

सुरकुतलेले आंबे कोवळे तोडलेले होते. कोकणात बागायतदार ‘चौदा आणे’ आंबा काढतात : सोळा आण्यांतले चौदा आणे तयार. बारा आण्यांचा काढला तर तो पिकण्याऐवजी आकसतो. घरी ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बादलीभर पाण्यात आंबा सोडायचा. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगणाऱ्यांचं पन्हं किंवा लोणचं करा, आढीत घालून वाट बघू नका.

देठाकडे काळे झाले ते देठ तुटल्यामुळे. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवताना दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवला तर चीक आतच राहतो. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पाडतो आणि उघड्या तोंडातून बुरशी शिरते. उन्हात उभ्या गाडीची डिकी या बुरशीला फार मानवते. पुढच्या वेळी पेटी मागच्या सीटवर, पायापाशी, एसीच्या वाऱ्यात ठेवा, जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि घाटात पेटीवर बॅगा रचू नका.

पांढरट स्पंज म्हणजे साका. तो झाडावरच तयार होतो. जास्त पक्व होईपर्यंत झाडावर राहिलेल्या फळाला जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता लागली की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालचा गर बिघडतो. बाहेरून दिसत नाही, बागायतदारालाही नाही. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं आणि चौदा आण्यांवर काढला तर प्रमाण कमी होतं, इतकंच.

आढी लावताना खोक्याच्या तळाशी भाताचा पेंढा, आंबे एका थरात देठ वर करून, वर पुन्हा पेंढा. दोनपेक्षा जास्त थर नकोत. एक दिवसाआड उघडून पिकलेले काढत जा, एक सडका आंबा सगळ्या आढीला लागतो. कच्चा आंबा फ्रीजमध्ये कधीही नको. बारा अंशांखाली त्याला थंडी बाधते, मग पिवळा दिसला तरी बेचव होतो. पूर्ण पिकलेला मात्र खुशाल ठेवा. आणि लवकर पिकावा म्हणून कुणी कार्बाइडची पुडी सुचवली तर नाही म्हणा. ते बेकायदा आहेच, शिवाय साल पिवळी होते आणि आत आंबटच राहतो.

प्रश्न : मुलांना गुऱ्हाळ दाखवायचं आहे. यवत-केडगावकडे कधी जावं, काय विकत घ्यावं? मागे आणलेली काकवी महिन्याभरात फसफसली.
— हडपसर

उत्तर : नोव्हेंबर ते मार्च, आणि सकाळी लवकर. एका काहिलीचं (रस उकळायच्या मोठ्या कढईचं) चक्र अडीच-तीन तासांचं असतं. शेवटचा अर्धा तास बघण्यासारखा, पण बहुतेक लोक सुरुवातीला पोचून कंटाळून निघून जातात. फोन करून काहील कधी चढणार ते विचारा आणि त्यानंतर दोन तासांनी पोचा.

मुलांना हे दाखवा : रसात चुन्याची निवळी आणि रानभेंडीच्या खोडांचा बुळबुळीत रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती सतत काढत राहतात. खालच्या भट्टीत त्याच उसाची वाळलेली चिपाडं. गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो, तेव्हा पाक ११८ अंशांच्या आसपास असतो. मग काहील वाफ्यात उलटतात. काकवी याआधीच, १०५-१०६ अंशांना काढलेली असते. त्या काठापाशी मुलाचा हात घट्ट धरा. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो.

तुमची काकवी का फसफसली? एक तर ती पातळ काढलेली असणार, किंवा घरच्या ओल्या चमच्याने आत पाणी गेलं. चमच्यावरून सलग जाड धार पडायला हवी. घरून कोरडी ठणठणीत काचेची बरणी न्या, गरम काकवी प्लास्टिकच्या बाटलीत भरू देऊ नका. तळाशी साखरेचे खडे बसले तर तो दोष नाही.

गूळ घेताना पिवळाधमक ढेपेच्या मोहात पडू नका. तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरचा असतो. तांबूस-तपकिरी, दाबल्यावर किंचित मऊ, खारट न लागणारा गूळ घ्या. शंभर किलो उसातून दहा-बारा किलोच गूळ निघतो, हे लक्षात ठेवून भाव करा. पावसाळ्यात गूळ पाझरतो म्हणून दहा किलोची ढेप नको, किलोच्या भेल्या बऱ्या.

प्रश्न : मावळातून नवा इंद्रायणी तांदूळ आला. भाताचा गोळा होतो. आंबेमोहोर मागवला होता, हा तोच का?
— निगडी

उत्तर : नाही. इंद्रायणी आंबेमोहोराच्या संकरातून मावळातच तयार झालेलं वाण, १९८७ चं. आंबेमोहोराचा दाणा त्याहून लहान, उतारा कमी आणि म्हणून भाव जास्त. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये मानांकन आहे, पण त्याच नावाने भलतेच तांदूळ खपतात. शिजताना मोहोराचा वास आला नाही तर समजून घ्या.

गोळा होतो कारण तांदूळ नवा आहे आणि तुम्ही जुन्याचं पाणी घालता. जुन्याला सव्वादोन पट लागतं, नव्या इंद्रायणीला पावणेदोन पट पुरे. धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा, भिजत नव्हे. तरीही थोडा चिकट होणारच, तो त्याचा गुण आहे. वरणभाताला तो हवा, पुलावाला नको. सोंडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळण्यापेक्षा तांदूळ चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग कोरड्या डब्यात भरा. हातसडीचा असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवा, कोंड्यातलं तेल खवट होतं.

प्रश्न : गावच्या घरी काय न्यावं? धान्य-फळं दिली तर पैसे द्यावेत का? सख्खे नाहीत, चुलत-चुलत नातं.
— सदाशिव पेठ

उत्तर : पैसे हातात ठेवू नका, अपमान होतो. पाच किलोपर्यंतची भेट भेट म्हणून घ्या. पोतंभर हवं असेल तर निघायच्या वेळी नव्हे, फोनवर आधीच ‘बाजारभावाने विकत हवंय’ असं स्पष्ट सांगा आणि पोतं, वाहतूक तुमची. मुलांसाठी वह्या, घरातल्या बाईसाठी खण-नारळ, बाकरवडी चालते कारण टिकते. केक नेऊ नका, एसटीत त्याचं काय होतं ते दिसतंच. सुगीत, मळणीच्या दिवशी न सांगता जाऊन ‘आम्ही आपले सहज’ म्हणू नका. सहज आलेल्या सहा माणसांच्या भाकऱ्या कुणालातरी थापाव्या लागतात. आणि त्यांचा डबा रिकामा परत पाठवू नका, तळाशी मूठभर साखर तरी असू द्या.

प्रश्न : नारायणगावला मित्राच्या द्राक्षबागेत मुलांनी घड तोडून तिथेच खाल्ले. द्राक्षांवर पांढरी भुकटी होती. फवारणी होती का?
— वाकड

उत्तर : बोटाने पुसली जाणारी मऊ, सारखी पसरलेली लव द्राक्षाची स्वतःची असते आणि ताजेपणाची खूण असते. फवारणीचे डाग ठिपक्यांसारखे, घडाच्या एकाच बाजूला किंवा थेंब सुकला तिथे गोल दिसतात. पण डोळ्यांनी खात्री होत नाही. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी असा ठरावीक दिवसांचा खंड पाळावा लागतो आणि तो बागवानाच्या वहीत लिहिलेला असतो. शेवटचा फवारा कधी आणि कशाचा, हे विचारून मग घड तोडा. धुवायला बागेतलं ठिबकचं पाणी वापरू नका, त्या नळ्यांतून विद्राव्य खतंही सोडलेली असतात.